सामान टांगायची दोरी आणि माणसाचे वजन : रॅपलिंगमध्ये तुटलेल्या एका प्रुसिकचे प्रकरण

चार टप्प्यांची एक कातळचढाई पूर्ण करून आम्ही दोघे रॅपल करत, म्हणजे दोरावरून घसरत, उतरत असताना, तिसऱ्या रॅपलवर माझ्या सहकाऱ्याच्या हार्नेसला (कमरेच्या सुरक्षापट्ट्याला) जोडलेली ३ मिलिमीटर जाडीची दोरी तुटली आणि तो सुमारे दीड मीटर खाली आला. मुख्य दोरात त्याने आधीच मारून ठेवलेल्या गाठीने त्याला तिथेच अडवले. उजव्या तळहाताला दोर घासून झालेली जखम आणि बरगड्यांना मुका मार, एवढ्यावर निभावले. त्या वेळी मी त्याच्यापासून वीस मीटर वर, अँकरला (दोर अडकवायच्या कातळावरील आधाराला) बांधलेली उभी होते आणि माझ्या हार्नेसला ६ मिलिमीटर कॉर्डचा, म्हणजे बारीक दोरीचा, चांगला प्रुसिक लूप (मुख्य दोराभोवती वेढे देऊन त्याला पकडणारा फास) अडकवलेला होता. तो लूप त्याच्यापर्यंत पोहोचवणे शक्य होते आणि ते मला सुचले नाही. प्रकरण इतक्या तपशिलाने लिहावेसे वाटले त्याचे हेही एक कारण आहे.

तुटलेली दोरी आधीपासून झिजलेली किंवा कापलेली नव्हती. सकाळी ती जेवढी मजबूत होती, जवळपास तेवढीच दुपारीही होती. दिवसभरात बदलत गेले ते तिच्याकडून घेतले जाणारे काम, आणि हा बदल आम्ही दोघांपैकी कोणीही विचारपूर्वक ठरवून केला नव्हता. बारीक दोरीच्या मर्यादांबद्दल बोलताना लोक जाडी आणि ताकद यांचे आकडे सांगतात. तेही पुढे येतीलच, पण माझ्या मते या प्रकरणाचे मूळ त्या आकड्यांपेक्षा या न ठरवता झालेल्या कामबदलात आहे.

प्रसंग कसा घडला

आमच्याजवळ ६० मीटर लांबीचा, ९.८ मिलिमीटर जाडीचा एक डायनॅमिक (ताणला जाऊन धक्का शोषणारा) दोर होता. तो मध्यावर दुमडून रॅपल करायचे असल्याने एका वेळी जास्तीत जास्त ३० मीटर उतरता येणार होते आणि कड्यावरचे अँकर साधारण २५ मीटर अंतरावर होते. प्रत्येकाकडे ६ मिलिमीटर कॉर्डचा एक प्रुसिक लूप, १२० सेंटिमीटरची एक शिवलेली डायनीमा स्लिंग (मजबूत कृत्रिम धाग्याच्या पट्टीचा फास) आणि डिसेंडर (उतरताना घर्षणाने वेग आवरणारे साधन) होता. याखेरीज सहकाऱ्याच्या हार्नेसला मागच्या बाजूला ३ मिलिमीटरच्या दोरीचा एक लूप लटकत होता. ही दोरी त्याने पायथ्याला काढून ठेवलेले बूट आणि पाण्याची बाटली चढाईत सोबत नेण्यासाठी, दीड मीटरचा तुकडा डबल फिशरमन गाठीने जोडून तयार केली होती. त्या कामाला ती अगदी योग्य होती.

पहिल्या अँकरवर पोहोचल्यावर दिसले की दोन बोल्ट जोडणारी जुनी स्लिंग उन्हाने विटली आहे, स्पर्शाला कडक लागते आहे आणि तिच्यावर कोणतेही लेबल उरलेले नाही. तिच्याशेजारी दुसरा आधार बांधायलाच हवा होता. सहकाऱ्याच्या हाती दोन पर्याय होते : ३ मिलिमीटरचा लूप किंवा ६ मिलिमीटरचा. त्याने क्षणाचाही विचार न करता ६ मिलिमीटरचा लूप सोडला. हा निर्णय बरोबर होता आणि आजही मी तो बरोबरच मानते. अँकरवर दोघांचेही वजन येणार होते आणि तिथे दुसरी संधी नसते. दोन बोल्टांमधील दोरीच्या भुजांचा कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक भुजेवर एकूण भाराच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो, ९० अंशांना ७१ टक्के येतो आणि १२० अंशांना प्रत्येक भुजेवर पूर्ण भाराइतकाच ताण येतो. म्हणजे बोल्ट एकमेकांपासून लांब आणि दोरी आखूड असेल, तर दोन भुजा असल्याचा फायदाच उरत नाही. अशा जागी बारीक दोरी वापरली असती, तर हे प्रकरण लिहायला मी कदाचित उरले नसते.

पण या बरोबर निर्णयाची एक किंमत होती, आणि ती आम्ही दोघांनीही त्याच वेळी मोजायला हवी होती. त्याच्याकडे आता बॅकअपसाठी लूप राहिला नव्हता. रॅपल करताना डिसेंडरच्या खाली, ब्रेकच्या (दोर धरून वेग आवरणाऱ्या) हाताजवळ ऑटोब्लॉक, म्हणजे हात सुटला तर दोर पकडणारे वेढे, लावायची त्याची सवय होती. ती मोडायला नको म्हणून त्याने बूट आणि बाटली माझ्या पिशवीत टाकली आणि मोकळ्या झालेल्या ३ मिलिमीटरच्या लूपने ऑटोब्लॉक लावला. मी ते पाहिले. "काही नसण्यापेक्षा बरे" असे मला वाटल्याचे स्पष्ट आठवते.

पहिले दोन रॅपल व्यवस्थित झाले. मधे एकदा त्याने मुद्दाम हात सोडून पाहिला. ऑटोब्लॉकने दोर पकडला आणि तो लटकत राहिला. तिसऱ्या रॅपलवर कातळाला आलेल्या फुगवट्यामुळे डावीकडे असलेला अँकर त्याला दिसला नाही. दिसला तेव्हा तो अँकरच्या चार मीटर खाली पोहोचला होता. पाय टेकायला जागा नव्हती, त्यामुळे दोरावरूनच परत वर जावे लागणार होते.

त्याने सर्वांत आधी डिसेंडरच्या खाली अर्धा मीटर अंतरावर दोराच्या दोन्ही पदरांत मिळून फिगर एटची गाठ मारली आणि ती कुलूप असलेल्या कॅरॅबिनरने (धातूच्या उघडझाप कडीने) हार्नेसला अडकवली. या गाठीनेच पुढे त्याला वाचवले. मग डिसेंडरच्या वर त्याने १२० सेंटिमीटरची स्लिंग क्लेमहाइस्टने (प्रुसिकसारखीच पकड घेणाऱ्या गाठीने) दोराला गुंडाळून पायासाठी पायरी तयार केली, तिच्याही वर ३ मिलिमीटरच्या लूपचा तीन वेढ्यांचा प्रुसिक घातला आणि तो थेट हार्नेसच्या बिले लूपला (समोरच्या मुख्य फासाला) जोडला. पायरीत उभे राहायचे, हार्नेसचा प्रुसिक वर सरकवायचा, त्यावर बसायचे, पायरी वर सरकवायची, असा तो क्रम होता.

तीन वेळा हे जमले. प्रत्येक वेळी बसल्यावर बारीक दोरी मुख्य दोरावर इतकी आवळली जात होती, की ती सैल करायला त्याला दोन्ही हात आणि नखे वापरावी लागत होती. चौथ्या वेळी त्याने वेढे ओढून सैल केले, वर ढकलले आणि बसला. सुटे झालेले वेढे ताबडतोब बसले नाहीत. प्रुसिक अंदाजे एक वीत घसरला, मग अचानक धरला आणि त्याच क्षणी दोरी तुटली.

एकाच दोरीची तीन कामे

त्या दिवशी या दोरीने तीन वेगवेगळी कामे केली, आणि बाहेरून पाहता दुसरे आणि तिसरे काम सारखेच वाटते : दोन्ही ठिकाणी दोराभोवती वेढे आणि हार्नेसला जोडलेला लूप. फरक दिसत नाही, पण तो प्रचंड आहे.

बूट आणि बाटली टांगताना दोरीवर जेमतेम दोन किलो भार होता. ती तुटली असती तर सामान खाली पडले असते, आणि खाली कोणी असते तर तेही गंभीरच ठरले असते; पण चढणाऱ्याचा जीव त्या दोरीवर अवलंबून नव्हता.

डिसेंडरच्या खाली लावलेल्या ऑटोब्लॉकवर माणसाचे पूर्ण वजन येत नाही. डिसेंडरमधील घर्षण वजनाचा मोठा भाग पेलते आणि ब्रेकच्या हाताला जेवढा जोर लावावा लागतो, साधारण तेवढाच ऑटोब्लॉकला लावावा लागतो. हात सोडून पाहिल्यावर ३ मिलिमीटरच्या दोरीने धरले याचा अर्थ एवढाच होता, की तिने हाताचे काम केले. तिने माणूस पेलला असे त्यावरून सिद्ध होत नव्हते. सहकाऱ्याला आणि मला मात्र ते तसे वाटले. दोन रॅपल सुखरूप झाले, चाचणीही झाली, आणि दोरी "चालते" अशी मनाची खात्री पटली. त्या खात्रीनेच तिसऱ्या कामाचे दार उघडले.

डिसेंडरच्या वर प्रुसिक घालून त्यावर बसताच मधला डिसेंडर हिशेबातून बाहेर पडला आणि संपूर्ण भार या एका लूपवर आला. वेढे तेच, लूप तोच, कॅरॅबिनरही तोच. जागा मात्र सुमारे अर्ध्या मीटरने वर सरकली होती. या अर्ध्या मीटरने भार कित्येक पटींनी वाढला.

जागेवर धरून ठेवण्यासाठी असलेला भाग वजन पेलू लागला, तर काय होते याचे एक अतिशय दुःखद उदाहरण नोंदलेले आहे. २०१३ मध्ये फ्रान्समधील ओर्पिएर येथे १२ वर्षांच्या एका मुलाचा चढाई करताना पडून मृत्यू झाला. त्याने वापरलेले बरेचसे क्विकड्रॉ (चढताना दोर बोल्टला अडकवायचे, दोन कॅरॅबिनर आणि मधली स्लिंग असलेले साधन) चुकीच्या पद्धतीने जोडलेले होते. कॅरॅबिनर हलू नये म्हणून लावायच्या रबरी कड्यातूनच कॅरॅबिनर ओवला गेला होता आणि स्लिंग त्यातून गेलीच नव्हती. हातात घेऊन पाहिल्यास असा क्विकड्रॉ ठीकठाक दिसतो, हलके ओढल्यास टिकतोही. भार आला तेव्हा तो रबराने पेलायचा होता. आमच्या प्रकरणातील दोरी रबरापेक्षा मजबूत होती, पण फसवणुकीचा प्रकार तोच होता.

आकडे काय सांगतात

चढाईसाठीच्या ॲक्सेसरी कॉर्डला (अशा बारीक पूरक दोरीला) युरोपात ईएन ५६४ आणि आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचे यूआयएए १०२ ही मानके लागू होतात. ती ४ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कॉर्डसाठी आहेत. किमान ताकदीचा नियम सोपा आहे : मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला ०.२ ने गुणले की किलोन्यूटनमध्ये उत्तर येते. त्यानुसार ४ मिलिमीटरच्या कॉर्डने किमान ३.२ किलोन्यूटन, ५ मिलिमीटरने ५, ६ मिलिमीटरने ७.२, ७ मिलिमीटरने ९.८ आणि ८ मिलिमीटरने १२.८ किलोन्यूटन पेलले पाहिजेत. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०२ किलो वजनाइतका जोर. ३ मिलिमीटरची दोरी या मानकांच्या कक्षेतच येत नाही. ती कितीही नामांकित उत्पादकाने, कितीही चांगल्या धाग्यांतून विणलेली असली, तरी चढाईच्या सुरक्षासाधनांसाठीच्या त्या कसोटीतून ती गेलेली नसते, आणि म्हणूनच अशा दोरीच्या वेष्टनावर बहुधा चढाईसाठी वापरू नये अशी सूचना छापलेली असते.

तरीही तेच सूत्र ३ मिलिमीटरला लावून पाहू, म्हणजे दोरीला जास्तीत जास्त सवलत दिल्यासारखे होईल. उत्तर येते १.८ किलोन्यूटन. लूपमध्ये दोन पदर असतात, म्हणून ३.६. पण गाठीपाशी दोरी तीव्र वळते, तिथले बाहेरचे धागे जास्त ताणले जातात आणि आतले नुसतेच दबतात, त्यामुळे गाठीत दोरीची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते असे धरणे शहाणपणाचे आहे. लूपची ताकद मग २.४ किलोन्यूटनच्या आसपास उरते. सहकाऱ्याचे वजन साहित्यासह ८४ किलो होते, म्हणजे ०.८२ किलोन्यूटन. स्थिर बसल्यास जवळपास तिप्पट ताकद हाती आहे असे दिसते, आणि पहिल्या तीन वेळा दोरी का तुटली नाही याचे उत्तरही त्यातच आहे.

स्थिर बसणे ही मात्र कल्पनाच आहे. एखादा भार दोरीला ढिलाई न ठेवता, पण हळूहळू न टेकवता एकदम सोडला, तरी त्या क्षणी दोरीवर येणारा सर्वाधिक ताण वजनाच्या दुप्पट असतो. हा लवचिक पदार्थांचा साधा नियम आहे. येथे तो १.६४ किलोन्यूटन होतो. त्यात एक वीतभर मोकळे पडणे जोडले की आकडा आणखी वर जातो. मुख्य दोर डायनॅमिक असल्याने आणि वीस मीटर दोर वर असल्याने धक्क्याचा काही भाग त्याने शोषला असणार, अन्यथा दोरी कदाचित पहिल्याच वेळी गेली असती. एवढे सगळे धरूनही, सवलतीने काढलेली २.४ किलोन्यूटनची मर्यादा आणि प्रत्यक्ष धक्का यांच्यात श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. हेच गणित ६ मिलिमीटरच्या लूपसाठी केले तर दोन पदरांचे १४.४ आणि गाठीची घट वजा जाता साडेनऊ किलोन्यूटनच्या आसपास उरतात. आवळलेल्या त्याच जागी, त्याच घसरण्याने तो लूप तुटण्याचा प्रश्नच आला नसता.

येथे थोडे थांबून एका गैरसमजाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. भार उचलण्याच्या उद्योगात दोरखंडावर लिहिलेला आकडा बहुधा सुरक्षित कार्यभाराचा असतो, आणि तुटण्याची ताकद त्याच्या कित्येक पट असते. चढाईच्या साहित्यावर लिहिलेला आकडा मात्र तुटण्याच्या किमान ताकदीचा असतो. सुरक्षेसाठीचे अंतर वापरणाऱ्याने स्वतः ठेवायचे असते. साध्या दोरीच्या वेष्टनावर या दोहोंपैकी कोणता आकडा आहे हे नेहमी स्पष्ट नसते. पॅराकॉर्डचेच, म्हणजे पॅराशूटच्या दोरीचेच, पाहा. लष्करी मानकातील तिसऱ्या प्रकाराच्या पॅराकॉर्डची किमान ताकद ५५० पौंड, म्हणजे सुमारे २.४५ किलोन्यूटन. सरळ ओढलेल्या, नव्या, कोरड्या, गाठ नसलेल्या दोरीचा हा आकडा आहे. "अडीचशे किलो पेलते" असे वाचून माणसाला वाटते, की आपल्या तिप्पट वजनाची सोय झाली. चढाईतील तेवढ्याच जाडीच्या, ४ मिलिमीटरच्या प्रमाणित कॉर्डला ३.२ किलोन्यूटन पेलावे लागतात, आणि तरीही जाणकार तिच्यावर माणूस टांगत नाहीत. शिवाय पॅराकॉर्डसारखी दिसणारी, त्या मानकाशी काहीही संबंध नसलेली दोरी सर्रास मिळते.

तुटलेल्या टोकांनी काय सांगितले

घरी परतल्यावर आम्ही दोरीचे दोन्ही तुकडे उजेडात ठेवून पाहिले. तुटलेली जागा डबल फिशरमन गाठीच्या अगदी तोंडाशी होती. टोकाचे धागे लांबीला असमान होते आणि विस्कटलेले होते, म्हणजे ती सुरीने कापल्यासारखी नव्हे, तर ताणाने गेली होती. परंतु तिथून दोन-तीन सेंटिमीटर पुढे, जो भाग प्रुसिकच्या वेढ्यांत होता, तिथे बाहेरचे विणकाम चकचकीत झाले होते आणि बोटाला कडक लागत होते. घसरताना तो वितळला होता. सरकणाऱ्या प्रुसिकमध्ये घर्षणाची उष्णता मुख्य दोराच्या लांबीभर वाटली जाते, पण बारीक दोरीचा मात्र तोच तोच भाग घासत राहतो, म्हणून बारीक दोरी आधी तापते.

मग आम्ही एक तुकडा पाण्यात दाबून, पूर्ण भिजवून सोडला. तो वर तरंगला. नायलॉन पाण्यापेक्षा जड असते आणि बुडते. पॉलिप्रोपिलीन हलके असते आणि तरंगते. डायनीमाही तरंगते, पण ते इतक्या सहज तुटत नाही, आणि या दोरीच्या धाग्याचा पोतही तसा नव्हता. दोरी पॉलिप्रोपिलीनची असावी असाच निष्कर्ष निघत होता. हे समजल्यावर मला त्या दुपारपेक्षा जास्त भीती वाटली. चढाईच्या कॉर्डमधले नायलॉन, म्हणजे पॉलिअमाइड, प्रकारानुसार सुमारे २२० ते २६० अंश सेल्सियसला वितळते. पॉलिप्रोपिलीन १६० ते १७० अंशांनाच. उन्हातील अतिनील किरणांपुढेही ते लवकर हार मानते. म्हणजे वर मी जे सवलतीचे गणित मांडले, त्यातील १.८ किलोन्यूटन हा आकडाच या दोरीला द्यायला नको होता. तिचा खरा आकडा आमच्याकडे नव्हता, कारण वेष्टन केव्हाच फेकले गेले होते.

ही अडचण केवळ स्वस्त दोरीपुरती नाही. प्रमाणित कॉर्डसुद्धा रिळावरून कापून घेतली, की लेबल रिळावर राहते आणि हातात येतो तो रंगीत तुकडा. दोन वर्षांनी तो कोणत्या जाडीचा, कोणत्या धाग्याचा, कधीचा, हे केवळ आठवणीवर उरते. कडेला ठेवलेल्या गाडीच्या बॅटरीतील आम्लाचे थेंब किंवा त्याची वाफ लागली, तर नायलॉनची ताकद वरून काहीही न दिसता जाऊ शकते. न वापरलेल्या नायलॉनलाही उत्पादक बहुधा १० वर्षांची मर्यादा घालतात. नोंद नसलेली कॉर्ड म्हणजे या सगळ्याबाबतीत अंधार.

जाडीचा आणखी एक प्रश्न : पकड

ताकदीच्या चर्चेत पकडीचा मुद्दा मागे पडतो, आणि या प्रकरणात तोच निर्णायक होता असे मला वाटते. १९३१ मध्ये ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी ज्या गाठीची माहिती प्रसिद्ध केली, ती काम करते ती वेढे मुख्य दोराला आवळतात म्हणून आणि वजन काढल्यावर सैल होतात म्हणूनच. दोन्ही गोष्टी हव्यात. त्यासाठी बारीक दोरीची जाडी मुख्य दोराच्या साधारण ६० ते ८० टक्के असावी असे मानले जाते. ९.८ मिलिमीटरच्या दोरावर ६ मिलिमीटरची कॉर्ड ६१ टक्के येते. आमची दोरी ३१ टक्के होती.

इतकी बारीक दोरी मुख्य दोराला फार आवळते. वरवर पाहता हे चांगलेच वाटते, पण आवळलेली गाठ सुटत नाही, आणि सुटत नाही म्हणून माणूस तिच्याशी झगडतो. सहकाऱ्याने नखांनी वेढे ओढून सैल केले, तेव्हा ते नीट एकापुढे एक न राहता विस्कटले. विस्कटलेले वेढे लगेच धरत नाहीत. म्हणून ती वीतभर घसरण झाली, घसरणीने उष्णता आली, घसरण थांबताना धक्का आला, आणि धक्क्याने दोरी गेली. म्हणजे दोरीची अपुरी ताकद आणि तिची अति पकड, या दोन दोषांनी एकमेकांना गाठले. थकलेल्या माणसाला आवळलेली गाठ सोडवायला लावणारे साहित्य स्वतःच एक धोका आहे, आणि तो कोणत्याही लेबलवर लिहिलेला नसतो.

त्या क्षणी काय करता आले असते

सर्वांत सोपा मार्ग माझ्या हातात होता. माझा ६ मिलिमीटरचा लूप एका कॅरॅबिनरमध्ये अडकवून, तो कॅरॅबिनर ताणलेल्या मुख्य दोरावर लावून सोडला असता, तर तो घरंगळत थेट त्याच्यापर्यंत पोहोचला असता. नंतर माझ्या रॅपलला माझ्याकडे लूप राहिला नसता, पण तोवर तो अँकरला बांधलेला असता आणि खालून दोराची टोके धरून गरज पडल्यास ओढून मला थांबवू शकला असता. हा बॅकअप पूर्ण भरवशाचा नसतो, खालच्या माणसाचे लक्ष असेल तरच तो काम करतो. आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो, तो वर यायला सुरुवात करतो आहे हे मला माहीत होते. तो कशाने येतो आहे हे मी विचारले नाही.

त्याच्या स्वतःच्या हातातही पर्याय होता. १२० सेंटिमीटरची शिवलेली स्लिंग २२ किलोन्यूटनची असते. ती त्याने पायाला दिली आणि ३ मिलिमीटरची दोरी हार्नेसला. अदलाबदल केली असती, तर बारीक दोरी तुटल्यावर फक्त पाय घसरला असता. डायनीमा सुमारे १४५ ते १५० अंशांना वितळते आणि मुळातच गुळगुळीत असते, त्यामुळे तिचा क्लेमहाइस्ट घसरू न देण्याची काळजी घ्यावी लागते. एखादा वेढा जास्त घालावा लागतो. तरीही निवड स्पष्ट होती. त्याला नंतर विचारले तेव्हा तो म्हणाला, की स्लिंग लांब होती म्हणून पायासाठी सोयीची वाटली आणि लूप आखूड होता म्हणून हार्नेससाठी. लांबीवरून निर्णय झाला, ताकदीवरून नाही. हे मी त्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. लटकत असताना हाताला जे बसते तेच बरोबर वाटू लागते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

आणि त्याने जे बरोबर केले, ते तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. वर जायला सुरुवात करण्याआधी त्याने दोरात गाठ मारली आणि ती कुलपाच्या कॅरॅबिनरने हार्नेसला जोडली. डिसेंडर दोरावरच ठेवला. प्रुसिकवर बसण्याआधी प्रुसिक तुटेल असे धरून चालणे, ही त्याची सवय होती. मधली ढिलाई त्याने वर जाताना प्रत्येक वेळी डिसेंडरमधून ओढून घेतली असती आणि गाठ पुन्हा वर आणली असती, तर दीड मीटरऐवजी अर्धा मीटरच पडला असता, एवढीच त्यात त्रुटी.

आम्ही पुढे काय बदलले

प्रत्येकाकडे आता दोन प्रुसिक लूप असतात, ६ मिलिमीटरचे, प्रमाणित नायलॉनचे. अँकरवर एखादा सोडावा लागला तरी एक उरतो, आणि दोन्ही गेले तर दोघे मिळून थांबून पुढचा विचार करतात. हा थांबा आम्ही नियम म्हणून ठरवला आहे, कारण पहिल्या अँकरवर नेमका तोच चुकला होता. अँकरसाठी ७ मिलिमीटरची सहा मीटर कॉर्ड वेगळी असते. ५.५ मिलिमीटरच्या अरामिड (केव्हलारसारखा धागा) किंवा डायनीमाच्या बारीक पण अतिशय मजबूत कॉर्डचा आम्ही विचार केला आणि आमच्यापुरता तो सोडून दिला; तिला ट्रिपल फिशरमन गाठ लागते, अरामिड पुन्हा पुन्हा वाकवल्याने आतून कमजोर होते, आणि बारीक दोरीवर विश्वास ठेवायची सवय मला पुन्हा लावून घ्यायची नव्हती. चालता दोर कोणत्याही कॉर्डमधून किंवा स्लिंगमधून थेट ओढायचा नाही, मधे धातूचे कडे हवेच, हे आम्ही आधीही पाळत होतो.

कॉर्ड कापून घेतानाच तिच्या टोकाला चिकटपट्टी लावून तिच्यावर जाडी, धागा आणि महिना-वर्ष लिहिले जाते. ज्या तुकड्यावर ही पट्टी नाही, तो हार्नेसला लागत नाही.

चॉकच्या (पकडीसाठी हाताला लावायच्या भुकटीच्या) पिशवीचा कमरेचा पट्टा पूर्वी ३ मिलिमीटरच्या दोरीचा होता. आता तो ६ मिलिमीटरच्या कॉर्डचा आहे, डबल फिशरमनने बांधलेला आणि प्रुसिकला पुरेल एवढ्या लांबीचा. सामानासाठी लागणारी ३ मिलिमीटरची दोरी आम्ही अजूनही नेतो, कारण तिच्याशिवाय बूट आणि बाटली टांगता येत नाही. तिचे एक टोक पिशवीच्या कापडाला शिवून टाकले आहे आणि दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकचा छोटा हूक आहे. कॅरॅबिनर जाईल असा लूपच तिच्यात कुठे ठेवलेला नाही.